मेण शाबूत

परवा शाळेतून दोन माणसं येऊन गेली. शाळेच्या जुन्या वस्तू एका काचेच्या कपाटात मांडायच्या आहेत म्हणे. "आजी, मास्तरांची ती वही द्या," एक जण म्हणाला. "निजामाच्या राज्यात, जाफराबादसारख्या ठिकाणी, जीव पहिल्यांदा कसा झाला याचा प्रयोग मास्तरांनी केला होता. आजच्या पोरांना कळू द्या." मी चहा दिला. दुसरा जरा जास्तच बोलका होता. तो हसत हसत म्हणाला, "आणि तुम्हीच तो बिघडवला ना, आजी? तुळशीचं पान टाकून?"

त्याची कपबशी मी त्याच्या हातून जरा लवकरच काढून घेतली. वही आठ दिवसांनी न्या, असं सांगून दोघांना वाटेला लावलं.

वही आता समोर आहे. पुठ्ठा वाळवीनं कोरलाय, पण आतले कागद धड आहेत. सगळं गाव हिला मास्तरांची वही म्हणतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अक्षर माझं आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण उघडून वाचायची तसदी कुणी घेतली नाही.

माझं माहेर शहागडचं. घर गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठावर. वडिलांनी भावांना शाळेत घातलं आणि मला गोवऱ्या थापायला बसवलं. लग्न होऊन जाफराबादेत आले तेव्हा मला माझं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. नवरा वस्तानिया शाळेत, म्हणजे मधल्या शाळेत, सायन्सचा मास्तर. शाळा उर्दू. वर्गात उर्दू शिकवायचे, घरी मराठी बोलायचे आणि रागावले की इंग्रजीत पुटपुटायचे. ते हैदराबादेत शिकलेले होते. तिथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत राहायची त्यांची फार इच्छा होती, पण नेमणूक मिळाली ती इथं, खेळणा नदीच्या काठी, जिथं सायन्सचं सामान म्हणजे एक पितळी दुर्बीण आणि तिच्याहून जुना एक लोहचुंबक. बारीक जिनसा मोठ्या करून दाखवणाऱ्या त्या यंत्रालाही गावात दुर्बीणच म्हणत.

दोन वर्षं ते कुढत होते. मग एकदा औरंगाबादेहून येताना त्यांनी एक इंग्रजी मासिक आणलं. ते वाचलं त्या दिवशी जेवताना भाकरी हातात तशीच राहिली. जेवण झाल्यावर मला वर माळवदावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, बोलावलं आणि सांगायला लागले. मला, कारण दुसरं ऐकणारं कुणी नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते असं. सुरुवातीला ह्या पृथ्वीवर काहीच जिवंत नव्हतं. गवताची काडी नाही, शेवाळ नाही, किडा नाही. तापलेली जमीन, वाफ आणि वर्षानुवर्षं पडणारा पाऊस. तेव्हाची हवाही वेगळी. आपण तिथं असतो तर दोन श्वासांत मेलो असतो. समुद्राचं पाणी कोमट, त्यात खार, माती, राख आणि नाना वायू विरघळलेले. वरून ऊन आणि विजा. त्या मेलेल्या पाण्यात मेलेले कण एकमेकांना चिकटत गेले, सुटत गेले, परत चिकटत गेले. लाखो वर्षं हेच चाललं. त्यातला एखादा पुंजका असा निघाला की त्यानं आपल्यासारखाच दुसरा पुंजका तयार केला. तो पहिला जीव. बाकी आपण सगळे, झाड, बैल, मास्तर, तहसीलदार, त्याची पिल्लं.

मी म्हटलं, "पण विरजण कुणी घातलं?"

ते थांबले. "काय म्हणालीस?"

"दूध कितीबी कोमट ठेवा, विरजणाशिवाय दही लागतं का? त्या समुद्राला पहिलं विरजण कुणी लावलं?"

त्यांनी मांडीवर थाप मारली. "शाब्बास! हाच तर सवाल हाय. साऱ्या दुनियेतले शास्त्रज्ञ हाच सवाल करून राह्यलेत." मग म्हणाले, की त्या दुधानं आपलं विरजण आपणच केलं असं हे लोक म्हणतात, आणि ते कसं केलं हे कुणालाच ठाऊक नाही.

त्या दिवसाइतकी शहाणी मी पुन्हा कधी ठरले नाही.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बरणी आणली. दवाखान्यातली जाड हिरवट काचेची बरणी, मांडीइतकी उंच. लोणारचा खार आमच्याकडे पापडासाठी येतच असे. लोणार वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी हद्दीत. करोडगिरीच्या नाक्यावर जकातवाल्यांशी हुज्जत घालून एक म्हातारी तो विकायला आणायची. तळ्याच्या पाण्यात दुसरं काही नांदत नाही, खारच खार, म्हणून ह्यांना तोच हवा होता. त्यात काळी माती आणि राख. माती आधी निर्जीव करायला हवी होती, म्हणून ती मी भाकरीच्या तव्यावर भाजली. दोन दिवस भाजत होते. शेजारच्या काकू कुडावरून डोकावून म्हणाल्या, "काय गं, मास्तराला भाकर पुरंना का?" आणि मग बरणी पाहून, "पोटी न्हाई ते बरणीत काढता का काय?" लग्नाला चार वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता, हे काकू कुणाला विसरू देत नसत. मी तवा जोरानं आपटला.

पाणी दिवसभर उकळलं. बरणीही उकळत्या पाण्यात ठेवली. पाणी भरून झाकण लावलं, झाकणाच्या भोकातून एक तांब्याची तार आत सोडली, विजेसाठी. वीज जाफराबादेत नव्हती, आभाळातली काय ती. मग मधाच्या पोळ्याचं पिवळं मेण पातळ करून ह्यांनी झाकणाची कड आणि तारेचं भोक बंद केलं. "आता मुंगीचा पायबी आत जाणार न्हाई," म्हणाले. बरणी माळवदावर उन्हात ठेवली.

मी विचारलं, "लाखो वर्षं लागली म्हणता, मंग आपल्या बरणीत दोन महिन्यांत काय होईल?"

"जीव न्हाई होणार," ते म्हणाले. "पाण्याचा रंग बदलला, काही चिकट, तेलकट धरलं, तरी बस. तेवढ्यावर हैदराबादला लिहितो. माझे प्रोफेसर साहेब हायत अजून. प्रयोगशाळेत घेतील." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तिथं मुलींची शाळा हाय. तुला नाव घालून देतो. बायकांच्या परीक्षा असतात, तू देशील."

मला हैदराबाद म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण शाळा म्हणजे काय हे मला पक्कं माहीत होतं. भावांची दप्तरं मी धुतली होती.

दिवसभर ते शाळेत, मग बरणीकडे बघणार कोण आणि लिहिणार कोण? म्हणून त्यांनी मला लिहायला शिकवलं. माझ्यावर उपकार म्हणून नाही, प्रयोगाला हात हवा होता म्हणून, हे मला तेव्हाही कळत होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. पाटीवर पहिला शब्द काढला तो 'पाणी'. दुसरा 'मेण'. लोकांची मुलं 'आई', 'कमळ' असं काहीतरी शिकतात. एका महिन्यात मी वहीत ओळ लिहू लागले. सकाळी आणि दुपारी, वार, ऊन की ढग, आणि मग: पाणी स्वच्छ. मेण शाबूत.

त्यांनी एकच नियम घालून दिला होता. "जे दिसलं तेच लिहायचं. जे दिसावं वाटतं ते न्हाई. शास्त्र म्हणजे एवढंच." हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की भाकरी थापतानाही मनात म्हणत असे.

दोन महिने पाणी स्वच्छ राहिलं. तळाला काळी माती, वर नितळ पाणी. वैशाखात वळवाचे ढग आले की ते माळवदावर जाऊन आभाळाकडे बघत बसायचे, वीज आमच्या तारेवर पडावी म्हणून. मी खाली देवाची करुणा भाकायची की पडू नये.

मग ते परीक्षेच्या कामाला औरंगाबादला गेले. पंधरा दिवस येणार नव्हते. जाताना म्हणाले, "बरणी तुझ्या हवाली." आणि त्याच पंधरवड्यात अमावस्येला सूर्यग्रहण आलं.

आता हे सांगताना माझा मलाच राग येतो, पण सांगते. ग्रहणाचे वेध लागले की घरातल्या साठवणीच्या प्रत्येक जिनसेत तुळशीचं पान टाकायचं. पाण्याचा हंडा, दुधाचं पातेलं, तुपाची लोटी, लोणच्याच्या बरण्या. पान नाही टाकलं तर ती जिन्नस बाटते, फेकून द्यावी लागते. आई करायची, आजी करायची, मी कळत्या वयापासून करत आले. अमावस्येला तुळस तोडत नाहीत म्हणून आदल्या दिवशीच डहाळ्या तोडून ठेवल्या होत्या, मंजिऱ्यांसकट. आंघोळ करून ओलेत्यानं मी एकेका भांड्यात पान टाकत गेले. लोणच्याची बरणी झाली, चिंचेची झाली, मग माळवदावरच्या बरणीकडे वळले.

मला ग्रहण म्हणजे सावली हे ठाऊक होतं. त्यांनीच पोळपाटावर लिंबू आणि सुपारी ठेवून दाखवलं होतं. मी काही राहूला घाबरले नव्हते. पण घरातल्या मिठाच्या खड्यालाही पान पडलं आणि हिला एकटीलाच नाही, हे मला बघवेना. दोन महिने मी तिला दिवसातून चारदा बघत होते. तिच्यावर माझी शाळा अवलंबून होती. तिला काही झालं असतं तर मी पान टाकलं नाही म्हणून झालं, असं मला जन्मभर वाटलं असतं. मी सुरीनं मेण सोडवलं, एक छोटी डहाळी आत सोडली, आणि उरलेलं मेण पळीत पातळ करून परत लावलं. माझं मेण त्यांच्यापेक्षा नीट बसलं.

आणि वहीत लिहिलं: ग्रहण. पाणी स्वच्छ. मेण शाबूत.

ही माझ्या आयुष्यातली पहिली लिहिलेली थाप. बोललेल्या पुष्कळ होत्या, पण लिहिलेली पहिली. पुढं जे झालं त्याला विरजण लागलं ते ह्या ओळीचं, आणि ते मी लावलं. ह्यात मास्तरांचा काही दोष नाही.

सहाव्या दिवशी पाणी गढुळलं. आठव्या दिवशी वर साय आल्यासारखा पापुद्रा. दहाव्या दिवशी बुडबुडे. डहाळी त्या गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली. मी प्रामाणिकपणे सगळं लिहीत होते, पाणी गढूळ, पापुद्रा, बुडबुडे. एक डहाळी तेवढी लिहीत नव्हते.

ते आले ते वहाणा न काढता वर गेले. आणि वरून हाक मारली ती अशी, की मला वाटलं साप चावला. मी गेले तर बरणीला मिठी मारून बसलेले. डोळ्यांत पाणी. त्याच दुपारी दुर्बीण शाळेतून घरी आणली. तारेच्या भोकातलं मेण सुईनं टोकरून एक थेंब काढला आणि काचेवर घेतला. "हालतंय!" म्हणाले. "अगं, हालतंय! बघ, बघ तू!" मी डोळा लावला. खरंच काही बारीक पारदर्शक ठिपके इकडून तिकडे पळत होते. मला इतकं सुंदर काही पुन्हा बघायला मिळालं नाही. खोट्यातलं होतं, तरी सुंदर होतं.

दोन महिन्यांपूर्वी हेच म्हणाले होते की जीव होणार नाही, रंग बदलला तरी बस. ते सगळं ते विसरले. लाखो वर्षं विसरले. संध्याकाळपर्यंत प्रोफेसर साहेबांना पत्र लिहून तयार. मला वाचून दाखवताना मराठीत सांगत गेले. त्यात दुधाचा आणि विरजणाचा दाखला होता. "पहिले विरजण कोणी घातले, असा प्रश्न माझ्या मनात आला," असं लिहिलं होतं. नवरा-बायकोत काय माझं तुझं, असं मला तेव्हा वाटायचं.

सकाळी पत्र टपालात पडायच्या आधी मी सांगितलं. चुलीपुढं बसले होते, ते चहा घेत होते. मी म्हटलं, "अहो, ग्रहणाच्या दिवशी मी बरणी उघडली. तुळस टाकली आत. वहीत लिहिलं न्हाई. चुकलं माझं."

त्यांनी बशी खाली ठेवली. ओरडले नाहीत. उठून माळवदावर गेले, बरणी खालच्या खोलीत आणली आणि दार लावून घेतलं. मी भाकरी केल्या. भाजी केली. तास उलटल्यावर दार उघडलं.

"कुठाय तुझी तुळस?" ते म्हणाले. "दाखव."

बरणीत मी सगळीकडून बघितलं. डहाळी नव्हती.

"तुझ्या मनात आलं असंल टाकावं म्हणून. टाकली न्हाई तू. उपासानं डोकं फिरतं, भास होतो." आवाज अगदी मऊ होता. आजाऱ्याशी बोलतात तसा. "आता कुणापुढं हे बोलू नको. वहीत बिलकुल लिहू नको. समजलं?"

मी मान हलवली. आणि खरं सांगते, दुपारपर्यंत मलाच वाटायला लागलं होतं की टाकली नसेल. माणूस शिकलेला होता आणि मी नुकतीच अक्षरं गिरवायला लागले होते. पण दुपारी त्याच खोलीमागची न्हाणी धुवायला गेले तेव्हा मोरीच्या तोंडाशी एक काळी, बुळबुळीत काडी अडकली होती. तिला दोन पानं अजून चिकटलेली होती.

मी ती काठीनं पुढं ढकलून दिली. बोलायची वेळ तीच होती आणि मी ती पाण्याबरोबर घालवली. कारण हैदराबाद. कारण मुलींची शाळा. माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं, हे लपवून काय करू?

प्रोफेसर साहेबांचं उत्तर आलं की ते लोणारचं तळं बघायला निघालेच आहेत, वाटेत उतरतील. पंधरा दिवसांनी जालना स्टेशनापासून मोटार करून आले. बरोबर आमचे हेडमास्तर. गावातली चार प्रतिष्ठित माणसं वाड्यावर जमतात तशी आमच्या ओसरीवर जमली. काकू कुडामागे. मी पोहे केले होते.

साहेब वयस्क, मूळचे आपल्याकडचेच, पण बरीच वर्षं हैदराबादेत काढलेले. मराठी बोलता बोलता उर्दूत शिरायचे. स्वभावानं प्रेमळ वाटले. त्यांनी बरणी उजेडात धरून बघितली, मेण नखानं दाबून बघितलं. "मास्तर, मधे कधी उघडली होती?"

"बिलकुल न्हाई, साहेब. दुर्बिणीसाठी एक थेंब काढला तेवढाच, तारेपासून. हा रोजचा हिशेब बघा," म्हणून वही पुढं केली.

साहेबांनी चार ओळी मोठ्यानं वाचल्या. पाणी स्वच्छ, मेण शाबूत. "अक्षर कुणाचं?"

"घरातलं," मास्तर म्हणाले.

"वा! बहोत खूब!" साहेब दाराआड माझ्याकडे वळून म्हणाले. "आणि मास्तर, तुमच्या पत्रातला तो विरजणाचा दाखला. मी कॉलेजात दोघांना वाचून दाखवला." मास्तरांनी मान खाली घालून हसून तो आहेर घेतला. मग साहेबांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही दिवसभर घरात. कुणी उघडली होती का?"

मास्तर माझ्याकडे बघत नव्हते. ते पोह्यांच्या ताटलीकडे बघत होते.

मी म्हटलं, "न्हाई."

साहेबांनी झाकण काढलं. वास असा सुटला की हेडमास्तर ओसरीच्या पायरीपर्यंत मागं सरकले. साहेबांनी पांढरी थाळी मागितली. मी आणून दिली. त्यांनी काचेच्या कांडीनं तळाची माती ढवळली, थोडी थाळीत ओतली, पसरली. आणि कांडीच्या टोकानं काहीतरी बाजूला घेतलं. बारीक दाणे. पाच-सहा. भोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण धरलेलं.

त्यांनी एक दाणा तळहातावर घेतला, चष्मा वर केला आणि खूप वेळ बघितलं. मग मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर हसू होतं. वाईट हसू नव्हतं. तेच जास्त लागलं. "मास्तर, हे तुळशीचं बी हाय. माझी आई दर ग्रहणाला माझ्या शाईच्या दौतीतसुद्धा तुळस टाकायची."

मंजिऱ्या. डहाळी निघाली, पान निघालं, पण बी गळून मातीत बसलं होतं. शिकलेल्या माणसाला ते सुचलं नाही. मी तुळशीला रोज पाणी घालत होते, मला सुचलं असतं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

कुडामागून काकूंचा हसण्याचा आवाज आला. हेडमास्तरांनी रुमाल तोंडाला लावला, वासासाठी की हसू दाबायला, कोण जाणे.

मास्तर माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर असं नवल होतं, इतकं खरंखुरं नवल, की क्षणभर मीही फसले. "तू उघडली होती?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"बोल ना! उघडली होती का तू?"

"हो."

"मंग मला सांगितलं का न्हाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं: सांगितलं होतं, चुलीपुढं, आणि डहाळी तुम्हीच काढून मोरीत टाकली. एवढं बोलले असते तर तो माणूस त्या दिवशीच संपला असता. हैदराबाद तर सोडाच, जाफराबादेतही राहिला नसता. अडाणी बायकोला लोक हसतात आणि विसरतात. लबाड मास्तराकडे कोण शिकायला पोरं देणार? हे सगळं मी तेवढ्यातल्या तेवढ्यात मनाशी करून टाकलं, आणि ओठ मिटले. लोक ह्याला पातिव्रत्य म्हणतील. मी भित्रेपणा म्हणते, आणि त्या बाईचा मला अजून राग येतो.

मास्तरांनी साहेबांपुढं हात जोडले. "घरात अडाणी माणूस असलं की शास्त्र होत न्हाई, साहेब. माझं नशीब."

ज्या बाईच्या अक्षराला पाच मिनिटांपूर्वी वाहवा मिळाली होती ती हीच, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. साहेबांनी एकदा वहीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्यांना कळलं असावं असं मला वाटतं. पण ते पाहुणे होते, आणि मोटार थांबली होती.

मास्तर त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेले. ओसरीवर थाळी, बरणी, उष्टे पोहे आणि वही. मी खाली बसले, वही ओढली आणि लिहिलं. आज साहेब आले. पाण्यात तुळशीचं बी निघालं. ग्रहणाला मेण मी काढलं. डहाळी मी टाकली. मी सांगितल्यावर ती त्यांनी काढली. मी एवढ्या ओळी कधीच लिहिल्या नव्हत्या. एकही अक्षर चुकलं नाही.

ते आले. वही वाचली. तेवढाच कागद शिवणीपासून सावकाश फाडला, चुलीत घातला, आणि वही ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. बाकीचे कागद का ठेवले? मी पुष्कळ वर्षं विचार केला. मला वाटतं, त्यांना त्या दोन महिन्यांचा लळा होता. पाणी स्वच्छ असतानाच्या. मलाही आहे.

त्यानंतर त्यांनी पाटी हातात दिली नाही. हैदराबादचा विषय निघाला नाही. मी किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून पुढचं शिकले. डाळीच्या पुडीवर निम्मी बातमी असायची, उरलेली गुळाच्या पुडीवर मिळाली तर मिळाली. शाळेत जायचं मात्र राहूनच गेलं. गावात मला तुळसाबाई नाव पडलं. निजामाचं राज्य गेलं, शाळेची उर्दू जाऊन मराठी आली, मास्तर हेडमास्तर झाले. वर्गात जीवाच्या उत्पत्तीचा धडा आला की ते पोरांना हसत हसत आमची गोष्ट सांगायचे. पोरं हसायची. पुढं झालेली माझी दोन्ही मुलं त्याच वर्गात बसली. ती घरी येऊन माझ्याकडे बघून हसली. त्यांच्या बापानं कधी "पुरे" म्हटलं नाही. सरतेशेवटी, आजारपणात, मी औषध देत असताना ते एकदा म्हणाले, "विरजणाचा सवाल तुझा होता." मी वाट बघितली. मग औषधाचा चमचा धुवून ठेवला.

तर आता ही वही काचेच्या कपाटात जाणार. तीतला सगळ्यात मोठा खोटेपणा माझ्या हातचा आहे, आणि खरा कागद चुलीत गेला. पोरं काचेतून वाचतील, ग्रहण, मेण शाबूत, आणि म्हणतील, काय अडाणी बाई होती.

आज सकाळी वही पुन्हा चाळली. फाडलेल्या कागदाची शिवणीतली पट्टी अजून आहे, नखाएवढी. तिच्यापुढचे कागद कोरे आहेत. मुलगा म्हणतो, जुन्या वहीत आता काही लिहू नको, तिची किंमत जाईल. मी त्याला दुकानातून बॉलपेन आणायला पाठवला आहे.

मास्तरांनी शिकवलेल्या रीतीनंच लिहिणार आहे. आधी वार. मग ऊन की ढग. मग पुढचं:

पाणी नाही. बरणी फुटली, त्याला पुष्कळ वर्षं झाली. ग्रहणाच्या दिवशी मेण शाबूत नव्हतं. ते मी काढलं होतं. हे मी त्यांना दुसऱ्या कुणाला कळायच्या आत सांगितलं होतं.